शुद्ध हेतू पुरेसा आहे काय?

सेवा चांगली की वाईट, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. सेवा म्हटली की ती चांगलीच, असे आपण धरून चालतो. त्यातून ती परक्या देशात, अनोळखी माणसांची, पदरचे पैसे खर्चून केलेली असली, तर तिच्याविषयी शंका काढणाराच दुष्ट ठरतो. पण भगवान बुद्धांनी आपल्याला धरून चालायला शिकविलेले नाही, तपासून पाहायला शिकविले आहे. म्हणून आज अशा एका सेवेची तपासणी करू. ही सेवा म्हणजे विद्यार्थ्यांनी सुटीत परदेशी जाऊन केलेले स्वयंसेवकाचे काम.

इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत ही प्रथा चांगलीच रुजली आहे. अठरा-वीस वर्षांची मुलेमुली आशियात, आफ्रिकेत, लॅटिन अमेरिकेत जातात. दोन आठवडे, फार तर एखादा महिना राहतात. कोणी शाळेत इंग्रजी शिकवितो, कोणी भिंत बांधतो, कोणी अनाथाश्रमातील मुलांशी खेळतो. ही व्यवस्था करून देणाऱ्या कंपन्या आहेत व त्या त्याबद्दल भक्कम फी घेतात. परत आल्यावर हा अनुभव नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या अर्जात लिहिला जातो.

याच्याशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. आज आपल्या घरांतील मुलेमुली राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर, केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीवर परदेशी विद्यापीठांत शिकत आहेत. सुटी लागली की हीच जाहिरात त्यांच्याही पुढे येते. तेव्हा त्यांनी काय करावे?

उदाहरणासाठी कंबोडिया घेऊ. कंबोडिया हा बौद्धांचा देश. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने तेथे लाखो माणसे मारली, उपासमारीने घालविली. त्या काळात हजारो मुले खरोखरच अनाथ झाली आणि त्यांना आसरा देणे हे खरोखरच पुण्याचे काम होते. पुढे शांतता आली. मग अनाथ कमी झाले असतील, तर अनाथाश्रमही कमी व्हायला हवेत की नकोत? झाले उलटेच. २००६ साली तेथल्या सरकारने, मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय समजावा, असे धोरण जाहीर केले. तरीही २००५ ते २०१० या पाच वर्षांत आश्रमांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. आणि त्यांत राहणाऱ्या दर चार मुलांपैकी सुमारे तिघांची आई किंवा बाप, निदान एक जण, जिवंत होता!

मग ही मुले आश्रमात आली कशी? त्यांना दारिद्र्याने आणले. मुलाला शाळा मिळेल, दोन वेळ जेवण मिळेल, असे सांगितले की गरीब आई काळजावर दगड ठेवते आणि मूल देते. दुसऱ्या टोकाला अंगकोर पाहायला आलेला प्रवासी आणि सेवेला आलेला विद्यार्थी उभा असतो. तो पैसा देतो आश्रमाला, त्या आईला नव्हे. तोच पैसा आईच्या हाती पडता, तर मूल घरीच राहून शाळेत गेले असते. पण घरी असलेल्या मुलाला भेटायला कोण येणार? म्हणून मूल आश्रमात ठेवणे हे चालकाच्या फायद्याचे होते. काही ठिकाणी तर मुलांना मुद्दाम हलाखीत ठेवले गेले, कारण हलाखी पाहिली की पाहुण्याचा हात खिशाकडे जातो. सिएम रीपसारख्या शहरात मुलांना पाहुण्यांपुढे नाचविण्यात आले. सर्वच आश्रम असे होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण पाहुणा येत राहिला म्हणून मूल आश्रमात येत राहिले, ही गोष्ट नाकारता येत नाही.

आणि मुलाच्या मनाचे काय? लहान मूल माया लावणाऱ्याला बिलगते. दोन आठवडे एक ताई येते, कडेवर घेते, गाणी म्हणते, रडत रडत निरोप घेते. सोमवारी दुसरी ताई येते. वर्षाकाठी किती वेळा त्या मुलाने आई गमवावी? मूल एका ठराविक माणसाच्या मायेवर वाढते, हे जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या अहवालातच मांडले होते. तेव्हा हे कोणाला ठाऊक नव्हते, असेही म्हणता येणार नाही.

पुढे जग थोडे जागे झाले. ऑस्ट्रेलियात २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा झाला, त्या वेळच्या विचारविनिमयात अशा आश्रमांसाठी मुले गोळा करणे हा गुलामगिरीचाच प्रकार मानण्यात आला. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनेही अनाथाश्रमांतील स्वयंसेवेपासून होणाऱ्या हानीकडे बोट दाखविले. कंबोडियाच्या सरकारनेही मुलांना घरी परत पाठविण्याचे काम हाती घेतले.

आता प्रश्न असा की, यात पापी कोण? लबाड चालक सोडून द्या. आई पापी नाही. तिला मुलाचे भले हवे होते. विद्यार्थीही पापी नाही. त्याचे मन कळवळलेले होते. दोन चांगले हेतू एकत्र आले आणि एक मूल आईपासून तुटले. मग चांगल्या हेतूचे मोल काय राहिले?

येथे आपल्यापैकी एखादा अभ्यासू वाचक हरकत घेईल. तो म्हणेल, “चेतना हेच कर्म, असे तथागतांनीच सांगितले आहे. चेतना शुद्ध असेल तर कर्म शुद्ध.” हरकत वजनदार आहे. पण तिचे उत्तर तथागतांनीच दिलेले आहे आणि तेही एका विद्यार्थ्याला. राहुल लहान असताना त्याला केलेला उपदेश मज्झिम निकायात आहे. त्याचे महत्त्व एवढे की, भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत अशा ज्या धम्मग्रंथांची नावे सम्राट अशोकाने बैराटच्या लेखात कोरविली, त्यांत राहुलाला केलेल्या उपदेशाचे नाव आहे. त्या उपदेशाचा आशय असा: आरसा असतो तो पाहण्यासाठी. तसे प्रत्येक कर्म पाहून करावे. करण्यापूर्वी पाहावे, करीत असताना पाहावे, केल्यानंतरही पाहावे. यापासून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते काय? होत असेल तर थांबावे.

म्हणजे चेतना ही डोळे मिटून बसलेली वस्तू नव्हे. पाहणे हा तिचाच भाग आहे. अकुशलाची मुळे तीन सांगितली आहेत: लोभ, द्वेष आणि मोह. विद्यार्थ्याच्या मनात लोभ नसेल, द्वेष तर नसेलच. पण जे पाहता आले असते ते न पाहणे, हा मोह आहे. मोहातून निघालेली करुणा ही करुणेसारखी दिसते, एवढेच.

मग डोळस सेवा कशी असते? विनयाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी होता. आपल्याच मळात पडला होता. कोणी त्याच्याकडे पाहीना. भगवान बुद्ध आणि आनंद तेथे आले. भगवंतांनी पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. हा प्रसंग आपण पुष्कळदा ऐकतो. पण त्याच्यापुढे काय येते, ते फारसे सांगितले जात नाही. आजाऱ्याची शुश्रूषा करायला योग्य कोण, याच्या पाच कसोट्या भगवंतांनी तेथेच दिल्या आहेत. ज्याला औषध तयार करता येते तो. ज्याला पथ्य काय, कुपथ्य काय हे कळते तो. जो मैत्रीने सेवा करतो, लाभाच्या आशेने नव्हे तो. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना ज्याला किळस येत नाही तो. आणि जो वेळोवेळी धम्माचे चार शब्द सांगून आजाऱ्याला धीर देऊ शकतो तो.

वाचकहो, हा क्रम नीट पाहा. मैत्री तिसरी आहे. तिच्याआधी कौशल्य आहे आणि हित-अहिताचे ज्ञान आहे. ज्याला औषध करता येत नाही त्याचे मन कितीही मोठे असो, त्याच्या हाती आजारी माणूस सोपविलेला नाही.

या कसोट्या परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याला लावून पाहू. पहिली कौशल्याची. ज्याने जन्मात थापी धरली नाही, त्याने हजारो मैलांवर जाऊन भिंत का बांधावी? त्या गावात गवंडी नाही काय? असेल तर विमानाच्या तिकिटात त्याची कित्येक महिन्यांची मजुरी बसते. वैद्यकीय विद्यार्थ्यांविषयी तर अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेला २०११ साली मार्गदर्शक नियम काढावे लागले. जे काम करण्याची तयारी झालेली नाही ते परदेशातील रोग्यावरही करू नये, हा त्यांचा मथितार्थ. गरीब माणसाचे शरीर हे हात बसविण्याची जागा नव्हे, ही साधी गोष्ट लिहून सांगावी लागली! दुसरी कसोटी हित ओळखण्याची. ज्याला तेथली भाषा येत नाही तो कोणाचे हित कोणाला विचारून ठरविणार? तिसरी लाभाची. प्रमाणपत्र हाही लाभच आणि गरीब मुलाला मांडीवर घेऊन काढलेला फोटो हाही लाभच. चौथी किळस न येण्याची. मुलांशी खेळायला सर्व तयार असतात. हिशेब लिहिणे, संडास धुणे, वर्षभर एकाच जागी टिकणे याला किती जण तयार असतात? पाचवी धीर देण्याची. पाहुण्याची वाट पाहायला शिकलेल्या मुलाला आपण कसला धीर दिला?

“मग कोणी कोणाच्या मदतीला जाऊच नये काय?” असे कोणी संतापून विचारील. तसे नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले. त्या पथकात पाच डॉक्टर होते, त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते. चीनवर जपानचे आक्रमण झाले होते आणि चीनकडून मदतीची हाक आलेली होती. ते न बोलावता गेले नाहीत. जे काम त्यांना येत होते, तेच करायला गेले. कोटणीस चिनी भाषा शिकले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारले. पाचही कसोट्यांना उतरलेला हा माणूस. त्याच्या शेजारी दोन आठवड्यांची सहल ठेवली म्हणजे फरक सांगावा लागत नाही.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ती मानाची आहे. १९६८ साली मेक्सिकोतील खेड्यांत सेवेला जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या परिषदेत इव्हान इलिच या विचारवंताने त्यांना तोंडावर सांगितले की, पाहायला या, अभ्यासाला या, पण आम्हाला मदत करायला येऊ नका. त्यांचा रोख असा होता की, उपकार करणारा आपण होऊन ठरवितो की समोरचा उणा आहे, आणि समोरच्याला तसे वागवून घ्यावे लागते. हे आपल्याला दुसऱ्याकडून शिकावे लागू नये. १९३२ साली अस्पृश्यतानिवारणासाठी सवर्णांचा संघ निघाला, तेव्हा १४ नोव्हेंबरला विलायतेच्या प्रवासात असताना बाबासाहेबांनी संघाचे चिटणीस ठक्कर यांना बोटीवरून सविस्तर पत्र लिहिले. व्यक्तीला सुधारण्याच्या किरकोळ कामांत शक्ती घालवू नका, तिला दडपणारी परिस्थिती बदला, नागरी हक्कांसाठी झुंजा, असा त्याचा आशय होता. कार्यकर्ते होता होईतो अस्पृश्यांमधूनच घ्यावेत, असेही त्यांनी सुचविले होते. पुढे काय झाले ते वाचकांना माहीत आहे. ज्याची सेवा करायची त्याला निर्णयात जागा नसेल, तर ती सेवा त्याची नव्हे, सेवकाची असते. हे आपल्या बाबतीत खरे होते आणि कंबोडियातील त्या आईच्या बाबतीतही खरे आहे. आपण उद्धार करून घेणाऱ्यांच्या रांगेतून आलो, म्हणून उद्धारकाच्या खुर्चीत बसताना आपण चुकणार नाही, असे समजू नये.

तेव्हा परदेशी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना सांगणे आहे ते राहुलाच्या उपदेशातूनच. जाण्यापूर्वी पाहा: तुम्हाला बोलावले कोणी? त्या गावाने की फी घेणाऱ्या कंपनीने? हेच काम तुम्हाला तुमच्या विद्यापीठाच्या गावी कोणी करू देईल काय? जेथे मुलांना घरापासून दूर ठेवले आहे, तेथे पाहुणा म्हणून पाऊल ठेवू नका. पैसा द्यायचाच असेल तर मूल घरी ठेवून शिकविणाऱ्या कामाला द्या. गेल्यावर पाहा: तुमच्यामुळे तेथल्या कोणाची मजुरी बुडते काय? तुमच्याशिवाय हे काम उद्या चालेल काय? आणि शिकायला जायचे असेल तर शिकायला म्हणूनच जा, त्यात कमीपणा मुळीच नाही. सातव्या शतकात ह्युएन त्संग भारतात आला तो नालंदेत शिकायला आला आणि शिकून गेला. त्याने स्वतःला आपला उपकारकर्ता म्हणवून घेतले नाही.

परत आल्यावरचे पाहणे सर्वांत अवघड. आपल्या कर्माने पीडा झाली असे दिसले, तर ते जाणत्यांपुढे उघड करावे आणि पुढे तसे करू नये, असे राहुलाला सांगितले आहे. परतलेला विद्यार्थी फोटो दाखवितो, पण जे खटकले ते गिळतो. त्यामुळे पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी त्याच दाराने आत जातो आणि दुसरे एक मूल त्याच दाराने आत आणले जाते. जे पाहिले ते मागून येणाऱ्याला खरेखरे सांगणे, ही त्या मुलांची खरी सेवा होईल. तिला फी पडत नाही, प्रमाणपत्रही मिळत नाही.