ऐकणारे अंतःकरण



गिबोन येथे परमेश्वराने शलमोनाला स्वप्नात दर्शन दिले आणि हवे ते मागायला सांगितले. तरुण राजाने दीर्घायुष्य मागितले नाही, धन मागितले नाही, वैऱ्यांचा नाशही मागितला नाही. त्याने बरेवाईट ओळखणारे मन मागितले. मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ ‘ऐकणारे अंतःकरण’ असा आहे. ‘अ’ वर्षातील सामान्य काळाच्या सतराव्या रविवारी आपण हे वाचन ऐकतो.

या सुज्ञतेची पहिली कसोटी लागली ती राजकारणात नव्हे, तर एकाच घरात राहणाऱ्या दोन स्त्रियांच्या भांडणात. मूल एक, आया दोन. राजाने तलवार मागवली. एकीला अर्धीअर्धी वाटणी चालणार होती. दुसरी म्हणाली, मूल तिलाच द्या, पण मारू नका. राजाने मूल या दुसरीला दिले.

इथे आपण थोडे थांबू या. जिने हक्क सोडला, तिच्याच हाती मूल आले! आपल्या घरांत मात्र उलटे घडते. वाडीची वाटणी निघाली की बहीण भावाचे दार बंद होऊ नये म्हणून हक्कसोड पत्रावर मुकाट्याने सही करते, आणि आपण म्हणतो, तिची काही तक्रार नाही. लग्नात दागिने दिले होते, असाही हिशेब निघतो. (भावांच्या शिक्षणाचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.) मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती आईवडिलांच्या संपत्तीत मुलगा व मुलगी यांना १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने समान वाटा दिला आहे. एखादी बहीण आपला वाटा आनंदाने सोडतेही. ते तिचे औदार्य. पण तिला कुणी विचारले होते का?

वरून येणारे ज्ञान आधी शुद्ध असते, मग शांतिप्रिय, असा क्रम संत याकोबाने लावला आहे. कुणाला गप्प बसवून मिळवलेली शांती त्या क्रमात बसत नाही. शिवाय ही देणगी एकदा मागून भागत नाही. म्हातारपणी खुद्द शलमोनाचे मन देवापासून वळले.

तेव्हा रजिस्ट्रार कचेरीत जाण्यापूर्वी घरच्या वेदीसमोर सर्व भावंडांनी एकत्र बसावे, पवित्र आत्म्याला हाक मारावी, कागद मोठ्याने वाचावा आणि सर्वात आधी बहिणीला बोलू द्यावे.