महागडी बेस घेण्याआधी

सदाशिव पेठ, पुणे

चि. ओंकार,


लाखाची बेस गिटार हवी म्हणून तू ताटावर रुसलास, असं ताई फोनवर म्हणाली. पैशांचं नंतर बघू, आधी आवाजाचं बोलू.

फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस काढली. आज तीच कंपनी तिची स्वस्त बहीण स्क्वायर या नावाने विकते. लाकडी फळी, चार तारा, चुंबकांभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. दोघींचं गणित तेच. स्वस्तात खुंट्या सैल निघतात, पडद्यांची टोकं बोटांना टोचतात, नॉब खरखरतो. यातलं बरंचसं चांगला कारागीर मार्गी लावतो. तू मिरजेचा. जवारी नीट नसेल तर हजारोंचा तानपुराही बद्द बोलतो, हे तुला मी काय सांगावं! बेसचंही तसंच. नेकचा बाक आणि तारांची उंची जुळवल्याशिवाय तिची परीक्षा करू नये. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात नेक थोडी हलतेच, महागडीचीसुद्धा.

सगळ्यांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादा सूर लगेच विझतो. तो दोष कित्येक अस्सल फेंडरमध्येही सापडतो. दुकानात तिथे मुद्दाम बोट ठेवून बघ.

मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन १९६२ची प्रिसिजन वाजवायचा, तीही एकाच तर्जनीने, आणि तारा तुटेपर्यंत सहसा बदलायचा नाही. तो आवाज किमतीच्या चिठ्ठीतून आला नव्हता.

पैसे वाया जातात असंही नाही. महागडी बेस सुरात टिकते, हाताला सोपी जाते, पुढे विकताना भाव देते. पाच तारांची घ्यायची असेल तर मी तुझ्या बाजूने बोलेन. स्वस्तातली खर्जाची तार बऱ्याचदा ढिली, गढूळ वाजते. चार तारांची मात्र स्वस्तच घे आणि उरलेला पैसा अ‍ॅम्पमध्ये घाल. जाड तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. छोट्या खोक्याएवढा स्पीकर तो ऐकवतच नाही.

दिवाळीत येताना तुझी जुनी बेस आण, नव्या तारा लावून. दुकानात ती आणि लाखाची, दोन्ही एकाच अ‍ॅम्पवर, सारख्याच आवाजात लावू. जरा मोठं वाजलं की कान लगेच भुलतो. तू पाठ करून उभा राहा, वाजवेन मी. महागडी कोणती हे दर वेळी बरोबर ओळखलंस, तर ताईशी मी बोलतो.

तुझा,
मामा