ग्रहणाचा पुण्यकाळ आणि ग्रहणाचे गणित

२२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या, शके १८१९. खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्गावरून देशावर चढली आणि इंदापूर परिसरातून जेऊरकडे सरकली. मध्यरेषा बारामतीच्या आग्नेयेकडून गेली. भर दुपारी सुमारे दोन मिनिटे अंधार झाला.

जेऊर हे इंदापूरला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातले रेल्वेस्थानक. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल सुमारे ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन तिथे आले होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला यांचाही तळ तिथेच पडला होता. एरवी सूर्याच्या तेजात लोपणारा प्रभामंडल आणि त्याचा वर्णपट त्यांना टिपायचा होता. गावोगावच्या घरांत ग्रहणाची रीत वेगळी. वेध लागले की स्वयंपाकघर बंद, पाण्यात तुळशीपत्र, स्पर्शाला आणि मोक्षाला स्नान, दारावर ‘दे दान, सुटे गिराण’ अशी हाक. इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा-नरसिंहपूर येथे नीरा भीमेला मिळते. अशा संगमावरचे ग्रहणस्नान विशेष पुण्याचे मानतात.

सूर्य चंद्राआड जातो एवढेच घडत असेल, तर या स्नानदानाला अर्थ काय? हा प्रश्न इंग्रजी शाळांनी आणलेला नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच चंद्र सूर्याला आणि पृथ्वीची छाया चंद्राला झाकते असे लिहिले. ब्रह्मगुप्ताने छायेचेच गणित मांडले, पण राहू नाकारणाऱ्यांना बोल लावला. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) पुरावा तपासला. चंद्रग्रहणात कोरीची टोके बोथट दिसतात आणि ग्रहण बराच वेळ टिकते, म्हणजे झाकणारे बिंब मोठे. सूर्यग्रहणात टोके धारदार असतात आणि ग्रहण लवकर सुटते, म्हणजे झाकणारे बिंब लहान. दोन्हीकडे एकच राहू असणे शक्य नाही. तरीही श्रुति-स्मृतींशी विरोध नको म्हणून त्यांनी राहू छायेत आणि चंद्रबिंबात शिरतो अशी तडजोड केली. ही तडजोड टिकणारी नाही, कारण राहूला आत घेतल्याने गणितातला एकही अंक बदलत नाही. मोलाचा आहे तो आधी केलेला युक्तिवाद. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापला, आणि शिलालेखानुसार त्या मठाला १२०७ मध्ये दान मिळाले तेही चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी.

या प्रश्नाचा सर्वात नेमका निर्णय एका धर्मग्रंथातच सापडतो. पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय हे बारामतीच्या मोरोपंतांचे व्याही. त्यांचा ‘धर्मसिंधु’ १७९० च्या सुमाराचा. ग्रहण जोवर डोळ्यांना दिसण्याजोगे आहे तोवरच पुण्यकाळ, असे तो सांगतो. ढग आडवे आले, तर शास्त्रावरून स्पर्श-मोक्षाची वेळ जाणून घेऊन स्नानदान करावे. म्हणजे आधी डोळा, आणि डोळा अडला की गणित. हे गणित महाराष्ट्रात घरोघर पोचले ते मुख्यतः नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’मुळे (१५२०). ज्या-चापांची किचकट आकडेमोड टाळून त्यांनी ग्रहसाधन जोशीबुवांच्या आवाक्यात आणले. त्यांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः आकाशाचे वेध घेत आणि ग्रंथातली गणिते त्यांवर ताडून पाहत.

तेव्हा ग्रहणाच्या कारणाचा उलगडा झाल्याने स्नान किंवा दान खोटे ठरत नाही. ते करणाऱ्याच्या श्रद्धेचे आहे. मात्र ग्रहणात चिरले तर गर्भाला व्यंग येते, या भीतीला कसलाच आधार राहत नाही, आणि तिच्यामुळे गरोदर बाईला तासन्‌तास अंधाऱ्या खोलीत बसवणे अन्यायाचे आहे.

१८९८ च्या त्या दुपारी जेऊरचे आकाश स्वच्छ होते. नायगामवालांचा अहवाल १९०२ मध्ये छापला गेला. ते १९१२ मध्ये निवृत्त झाल्यावर पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली.