आधी दोन घास

सेवाग्रामच्या रस्त्यावर आत्ता सायकली निघाल्या असतील. दप्तर भरलेलं, पोट रिकामं. आधी दोन घास, असं माय म्हणते. पोरगी म्हणते, भूक नाही. भूक असते हो. पण कुणीतरी हसत हसत तिला 'जाडी' म्हटलेलं असतं. बहुधा आपणच.

याच किशोरवयात हाडं लांबतात. पाळी सुरू झाली की अंगाला लोह जास्त लागतं. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाने आसपासच्या गावांत किशोरी पंचायती उभ्या केल्या. तिथे मुली आपल्या आहाराबद्दल, आरोग्याबद्दल मोकळं बोलतात. घरात मात्र पहिलं ताट अजून भावाचंच.

आधी दोन घास तिलाही. तिच्या अंगकाठीवरून बोलू नका. नुसतं शेजारी बसा. तव्यावर ज्वारीची भाकर फुगतेय. वाटीत तुरीचं वरण आहे. हाक मारा तिला.