इन्साफ आणि गुस्सा

'इन्साफ' आणि 'गुस्सा' हे दोन शब्द आपण मराठी मुसलमान रोज वापरतो. दोन्ही मूळचे अरबी. इन्साफचे नाते 'निस्फ'शी, म्हणजे अर्ध्या भागाशी आहे; समोरच्याचा वाटा त्याला देणे, तो इन्साफ. गुस्सा म्हणजे मुळात घशात अडकलेला आवंढा. फारशीत आजही त्याचा अर्थ दुःख असाच होतो. आपल्याकडे मात्र त्याचा संताप झाला.

घरोघरी या शब्दांना आणखी सोयीचे अर्थ चिकटले आहेत. पुरुष संतापला की तो त्याचा रुबाब. रागाच्या भरात त्याने संसार मोडला की तो 'फैसला'. बाईने मेहरची रक्कम मागितली, तर मात्र 'फार गुस्सेवाली आहे' असे म्हणतात. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत मोर्चा काढला. त्यांनी मागितला इन्साफ. समाजातल्या अनेकांना ऐकू आला तो गुस्सा. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला, तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी. मध्ये ५१ वर्षे गेली.

सूरह निसाची १३५ वी आयत न्यायावर ठाम राहायला सांगते, मग तो स्वतःच्या, आई-बापाच्या किंवा नातलगांच्या विरोधात का जाईना. राज्यकर्त्यांकडे आपण इन्साफ मागतो, ते रास्तच आहे. पण घरातली बाई तोच शब्द उच्चारते, तेव्हा त्याचा अर्थ बदलण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? तिच्या घशातला आवंढा आधी ऐकावा. त्याला नाव काय द्यायचे, ते तिलाच ठरवू द्यावे.