कवीची आत्मपरीक्षा
स्वतःविषयीं पुष्कळ लिहिणें हा गर्व नव्हे काय, असें वाचक विचारतील. इंग्रज कवि विल्यम वर्डस्वर्थ यानें आपल्या मनाच्या वाढीवर दीर्घ काव्य रचिलें. १८०५ सालीं त्याचे तेरा भाग पुरे झाले. तरी पुढें अनेक वर्षें तो तें सुधारीत राहिला, व तें १८५० सालीं, त्याच्या मृत्यूनंतरच, छापलें गेलें.

त्यांत तो बाळपणची गोष्ट सांगतो: रात्रीं दुसऱ्याची नाव त्यानें न विचारतां वल्हवीत नेली, तों समोरचा डोंगर आपल्या पाठीस लागला असें वाटून तो थरथरत परतला. गर्विष्ठ मनुष्य आपली चोरी झांकतो. यानें तींतच आपल्या अंतःकरणाची जागृति पाहिली. म्हणून आम्हांस त्याजवर गर्वाचा आरोप ठेववत नाहीं. आपणही आपली हकीकत सांगूं तेव्हां ती न विचारतां नेलेली नाव तींतून वगळूं नये.