सुखातील निष्ठा

विवाहाच्या प्रसंगी वधूवर एकमेकांना जे वचन देतात, त्यात दुःखाच्या जोडीने सुखाचाही उल्लेख असतो. दुःखातील सोबतीविषयी आपण पुष्कळ बोलतो. आजारी पतीची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणारी पत्नी, नोकरी गेलेल्या काळात शिलाईयंत्रावर घर चालवणारी गृहिणी, अंथरुणाला खिळलेल्या पत्नीला स्वतःच्या हाताने भरवणारा वृद्ध पती, ही उदाहरणे प्रत्येक गावात सापडतात आणि त्यांच्यापुढे आपले मस्तक आपोआप नम्र होते. परंतु सुखात निष्ठा राखायची म्हणजे नेमके काय करायचे? सुखात साथ देणे यात कसले आले आहे कर्तव्य, असे आपल्याला वाटते. सुख स्वतःच माणसांना जवळ आणते, त्यासाठी वचनाची गरज काय? वस्तुतः वचन देण्याची गरज तेथेच असते, जेथे मोडण्याचा संभव असतो. ज्या कोणी या वचनात सुखाला दुःखाच्या बरोबरीचे स्थान दिले, त्यांना माणसाच्या स्वभावाची चांगली जाण असली पाहिजे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक साधा प्रसंग डोळ्यांसमोर आणू. एक मध्यमवर्गीय जोडपे आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दोघांनी ठरवले की कधीतरी व्हेनिस पाहायचे. मग घराचे कर्ज आले, मुलांची शिक्षणे आली, आईवडिलांची दुखणी आली. दरवर्षी ते स्वप्न पुढल्या वर्षावर ढकलले गेले. अखेर पंचवीस-तीस वर्षांनी, सेवानिवृत्तीच्या पैशातून, दोघे विमानात बसतात. या प्रवासाला निघालेली माणसे खरे तर दोन नसतात. त्यांच्यासोबत तीस वर्षांची प्रतीक्षाही प्रवास करीत असते, आणि तिचे ओझे सर्वांत जड असते.

प्रतीक्षा माणसाच्या मनावर दोन संस्कार करते. पहिला असा की ती इच्छित वस्तूचे एक चित्र रेखाटते आणि दरवर्षी त्यावर नवा रंग चढवते. दुसरा संस्कार अधिक सूक्ष्म आहे. ज्या सुखासाठी आपण इतके थांबलो, ते सुख आता आपले येणे आहे, अशी भावना ती निर्माण करते. इच्छेचे रूपांतर हळूहळू हक्कात होते. मग पाऊस पडला तर तो आपल्यावर झालेला अन्याय वाटतो. जोडीदाराचे गुडघे दुखू लागले तर त्यात सहानुभूतीपेक्षा चिडच अधिक असते. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रांत बजावले होते की, प्रवासाने मनाचे दुखणे बरे होत नाही, कारण माणूस जेथे जातो तेथे स्वतःला सोबत घेऊनच जातो. शोपेनहौअरचे म्हणणे त्याहून निराशेचे: इच्छा अपुरी राहिली तर यातना आणि पुरी झाली तर कंटाळा, या दोन टोकांमध्ये आपले आयुष्य हेलकावे खाते. या दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघांनीही एकट्या माणसाचा विचार केला आहे. आपला प्रश्न दोघांचा आहे.

दोघांच्या या प्रश्नावर प्रकाश टाकणारे एक उदाहरण इतिहासात आहे. इंग्लंडचा कलासमीक्षक जॉन रस्किन आणि स्कॉटलंडमधील पर्थ येथील एफी ग्रे यांचा विवाह 10 एप्रिल 1848 रोजी झाला. तो 29 वर्षांचा, ती 19 वर्षांची. युरोपखंडाच्या प्रवासाला जायचे त्यांच्या मनात होते; पण त्याच वर्षी युरोपात ठिकठिकाणी क्रांतीचा वणवा पेटला. व्हेनिसनेही मार्च 1848 मध्ये दानिएले मानिन याच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रियाची सत्ता झुगारून दिली होती. वेढा, उपासमार आणि पटकी यांनी जर्जर झालेले ते शहर ऑगस्ट 1849 मध्ये शरण गेले. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, नोव्हेंबरमध्ये, रस्किन पतिपत्नी तेथे पोहोचली आणि डॅन्येली या हॉटेलात उतरली. त्यांचा मुक्काम पुढल्या मार्चपर्यंत होता.

रस्किनला या शहराने झपाटले होते. येथील जुन्या वास्तू काळाच्या आणि डागडुजी करणाऱ्यांच्या हातून नष्ट होण्यापूर्वी त्यांची नोंद केली पाहिजे, या ध्यासाने तो दिवसभर स्तंभ आणि कमानी मोजत असे, शिड्यांवर चढत असे, धुळीने आणि कोळ्याच्या जाळ्यांनी माखून जात असे. डोक्यावर काळे कापड घेऊन त्या काळच्या नव्या यंत्राने तो छायाचित्रे काढी. एफी मात्र एका मैत्रिणीसोबत शहरात फिरे, नृत्यसमारंभांना जाई, ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांच्या वर्तुळात वावरे. तिने घरी लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली; त्यांवरून ती तेथे आनंदात होती असे दिसते. रस्किनच्या त्या परिश्रमातून 1851 ते 1853 या काळात व्हेनिसच्या वास्तुकलेवरील त्याचा त्रिखंडात्मक ग्रंथ जन्माला आला. 1851-52 मध्ये दोघे पुन्हा तेथे जाऊन राहिली. आणि 1854 मध्ये, शरीरसंबंध कधीच न आल्याच्या कारणावरून, तो विवाह रद्दबातल ठरला. पुढल्या वर्षी एफीने चित्रकार मिले याच्याशी विवाह केला.

त्या विवाहाच्या अपयशाची मुळे व्हेनिसमध्ये नव्हती; ती त्याआधीच रुजली होती. म्हणून शहराला दोष देण्याचे कारण नाही. रस्किनला निष्ठुर आणि एफीला अबला ठरवून न्यायनिवाडा करण्याचेही कारण नाही. या उदाहरणातील विचार करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. त्या हिवाळ्यात दोघेही सुखी होती! पतीला त्याचे दगड मिळाले, पत्नीला तिचे नृत्यसमारंभ मिळाले. कोणी कोणाला अडवले नाही. मग उणीव कशाची होती? दोन माणसे एकाच शहरात, एकाच छपराखाली, आपापल्या परीने सुखी असतील, तर त्यात नैतिक दृष्ट्या खटकण्यासारखे काय आहे?

माझ्या मते उणीव साक्षीची होती. दुःखात जोडीदाराला आधार लागतो. सुखात त्याला साक्षीदार लागतो. आपल्याला कशाने आनंद होतो, हे माहीत असणारे आणि त्या आनंदाकडे कुतूहलाने पाहणारे एक माणूस या जगात आहे, ही जाणीव विवाहाचे फार मोठे देणे आहे. रस्किनच्या लेखनातील एक विचार येथे विशेष अर्थपूर्ण वाटतो. एखादी कलाकुसर पाहताना, ती घडवणाऱ्या कारागिराला घडवताना आनंद झाला होता काय, हा प्रश्न विचारला पाहिजे, असे तो आग्रहाने सांगे. शेकडो वर्षांपूर्वी मरून गेलेल्या अनाम पाथरवटाच्या आनंदाविषयी एवढी आस्था बाळगणे ही थोर गोष्ट आहे. परंतु दूरच्या माणसाच्या आनंदाविषयी कुतूहल बाळगणे जवळच्या माणसाविषयी बाळगण्यापेक्षा सोपे असते, कारण दूरचा माणूस आपल्या वेळेवर हक्क सांगत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पतिपत्नींनी प्रत्येक गोष्ट एकत्रच पाहावी, एकालाच आवडणारे चित्रसंग्रहालय दुसऱ्याने जांभया देत सोसावे, ही कोणती निष्ठा? ती तर एक प्रकारची कैद होईल. अर्थात! साक्षी होणे म्हणजे सावली होणे नव्हे. एकाने सकाळी चित्रे पाहावीत, दुसऱ्याने चौकातल्या बाकावर बसून मुलांचा चेंडूचा खेळ पाहावा. त्यात काहीच वावगे नाही. निष्ठेची कसोटी संध्याकाळी लागते. आपण काय पाहिले ते सांगावेसे वाटते काय, आणि दुसऱ्याचे ऐकताना आपले लक्ष खरोखर तेथे असते काय? जे चित्र मी पाहिले नाही, ते तुझ्या डोळ्यांतून पाहण्याची माझी इच्छा, हीच सुखातील निष्ठा होय.

व्हेनिसची गोंडोला या नावेची रचना येथे आठवते. ती समतोल नसते. नावाडी एकाच वल्ह्याने, उजव्या बाजूने वल्हवतो. म्हणून नावेची डावी बाजू उजवीपेक्षा सुमारे 24 सेंटिमीटर रुंद ठेवलेली असते. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असत्या, तर ती गोल फिरत राहिली असती. दोन माणसांच्या आवडीनिवडींतील फरकही असाच असतो. तो घासून सपाट करायचा नसतो, तर तो हिशेबात धरून नाव हाकायची असते.

आता हक्काच्या भावनेकडे पुन्हा वळू, कारण तिचा परिणाम जोडीदारापुरता थांबत नाही. ज्या शहराची आपण वाट पाहिली, त्या शहरात माणसे राहतात. व्हेनिसच्या जुन्या शहरात 1951 मध्ये सुमारे 1,75,000 लोक राहत होते; 2022 मध्ये ही संख्या 50,000 च्या खाली गेली. सान बार्तोलोमेओ चौकातील एका औषधांच्या दुकानाच्या खिडकीत 2008 मध्ये एक आकडादर्शक लावण्यात आला. शहरात किती रहिवासी उरले, ते त्यावर दिसते. घरांची पर्यटकनिवासे झाली, किराणा दुकानांच्या जागी मुखवट्यांची आणि शोभेच्या काचवस्तूंची दुकाने आली. ऑगस्ट 2021 पासून मोठ्या प्रवासी जहाजांना सान मार्को चौकासमोरून जाण्यास मनाई झाली. 25 एप्रिल 2024 पासून, ठरावीक दिवशी, मुक्काम न करता केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून 5 युरो प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात झाली.

शुल्काने गर्दी कमी होते की नाही, हा प्रशासनाचा प्रश्न आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, पैसे भरल्याने माणसाची मनोवृत्ती कशी बदलते. इस्राएलमधील हैफा शहरात काही पाळणाघरांनी, मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. या प्रयोगाचा अहवाल 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. दंड लावल्यावर उशिरा येणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी वाढली. पूर्वी उशीर झाला तर शिक्षिकेपुढे संकोच वाटे. आता पालकांनी त्या उशिराचे मोल चुकते केले होते. संकोच गेला आणि सौदा आला. प्रवाशाचेही असेच होते. पाहुणा घरात शिरताना पायातले काढून ठेवतो. गिऱ्हाईक मात्र दिलेल्या पैशाचा पुरेपूर मोबदला मागते. तीस वर्षे थांबलेल्या माणसाने तर पैशापेक्षाही मोठे मोल दिलेले असते, म्हणून त्याच्यातले गिऱ्हाईक अधिक जागे असते. त्याच्या छायाचित्राच्या आड येणारी, बाजाराची पिशवी घेऊन पूल चढणारी म्हातारी त्याला अडथळा वाटते. वास्तविक ती म्हातारी आहे म्हणूनच ते शहर शहर आहे; नाहीतर तो नाटकाचा पडदा झाला असता.

जो माणूस शहरात गिऱ्हाईक म्हणून वावरतो, तो हॉटेलच्या खोलीत परतल्यावर एकदम जीवनसाथी होऊ शकत नाही. हक्क मागण्याची सवय दारापाशी काढून ठेवता येत नाही. उलट, परक्या शहरात पाहुण्यासारखे वागणारा माणूस आपल्या जोडीदाराच्या मनातही पाहुण्याच्या आदबीने प्रवेश करतो. तीस वर्षांच्या सहवासानंतरही त्या मनात आपण न पाहिलेल्या गल्ल्या आहेत, हे तो जाणतो.

मग तीस वर्षे सुख पुढे ढकलणे योग्य होते काय? मुलांसाठी, वृद्ध आईवडिलांसाठी जे थांबले, त्यांच्या त्यागाला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाच नाही. तरीही एक धोका ध्यानात घ्यायला हवा. दुःख सोसण्याची सवय आपोआप होते, कारण दुःख न बोलावता येते. सुख वाटून घेण्याची सवय मात्र मुद्दाम करावी लागते. ज्या जोडप्याने तीस वर्षांत अर्धा तास एकत्र बसून विनाकारण गप्पा मारल्या नाहीत, त्यांना व्हेनिसच्या कालव्याकाठी अचानक शब्द कुठून सुचावेत? तेथे ती दोघे सराईत कामकऱ्यांप्रमाणे सामान, तिकिटे आणि औषधे यांच्याविषयीच बोलतील, कारण एवढीच भाषा त्यांनी एकमेकांशी राखलेली असते.

आणि ज्यांचा प्रवास घडलाच नाही, त्यांचे काय? अशी कितीतरी घरे आहेत, जेथे पैसे साठले तेव्हा दोघांपैकी एकच उरला होता. त्यांना व्हेनिस दिसले नाही म्हणून त्यांचे वचन अपुरे राहिले, असे म्हणता येणार नाही. एखाद्या पत्नीला पतीने पावसाळ्यातल्या संध्याकाळी ओट्यावर बसून, तुला आज कशाने बरे वाटले, असे विचारले असेल आणि उत्तर संपेपर्यंत ऐकले असेल, तर त्या ओट्यावर सुखातील निष्ठा पाळली गेली आहे. पारपत्र नसलेल्या माणसालाही ती पाळता येते. ज्यांना ती पाळता आली आहे, त्यांनी अवश्य व्हेनिसला जावे. पाऊस पडला, गुडघे दुखले, चौक पाण्याने भरला, तरी सांगण्यासारखे काहीतरी त्यांच्यापाशी असेल आणि ऐकणारेही कोणी असेल.